फवारा किडीवर, पंगत जिवाणूंची

ऑगस्ट-सप्टेंबर उजाडला की कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘औषध मारले, पण लागू पडले नाही.’ त्यावर मिळणारी उत्तरेही ठरलेली असतात. मात्रा कमी पडली असेल, फवारल्यावर पाऊस आला असेल, डबा बनावट असेल, नाहीतर किडीला त्या औषधाची ‘सवय’ झाली असेल. मग दुकानदार दुसरा डबा पुढे सरकवतो किंवा दोन औषधे एकत्र करून मारायला सांगतो. उधारीच्या वहीत आणखी एक ओळ पडते.

यातले प्रत्येक कारण कधी ना कधी खरे असते. पण आणखी एक कारण आहे आणि ते या काउंटरवर सहसा निघत नाही. ते असे की, औषध किडीने पचवलेलेच नसते. ते तिच्या पोटात राहणाऱ्या जिवाणूने पचवलेले असते. आणि तो जिवाणू किडीला तिच्या आईकडून मिळालेला नसतो. तो त्याच शेताच्या मातीतून आलेला असतो, आधीच्या फवारण्यांवर पोसून.

ही कल्पनाशक्तीची भरारी नाही. जपानमध्ये सोयाबीन आणि इतर कडधान्यांच्या शेंगांमधला रस शोषणारा एक ढेकूण आहे. रिप्टॉर्टस पेडेस्ट्रिस हे त्याचे शास्त्रीय नाव. भारतातही तो चवळीसारख्या पिकांवर आढळतो. अंगाने सडपातळ, आणि पिल्ले तर इतकी मुंगीसारखी की पाहणारा सहज फसावा. या ढेकणाच्या आतड्याच्या शेवटच्या भागात लहान लहान कप्प्यांच्या रांगा असतात आणि त्या कप्प्यांत बर्कहोल्डेरिया या कुळातले कोट्यवधी जिवाणू राहतात. ते नसले तरी ढेकूण जगतो, पण वाढ रखडते आणि अंग लहान राहते. थोडक्यात, हे पाहुणे नव्हेत, घरातलेच कमावते सदस्य आहेत.

मावा किंवा इतर अनेक किडींमध्ये असे सहजीवी जिवाणू आईकडून पिल्लाला मिळतात. हा ढेकूण मात्र प्रत्येक पिढीत नव्याने सुरुवात करतो. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाच्या पोटात हा जिवाणू नसतो. दुसऱ्या अवस्थेत ते तो मातीतून तोंडावाटे मिळवते. मातीत जिवाणू हजारो प्रकारचे, मग नेमका हाच कसा निवडला जातो? आतड्यात कप्प्यांच्या अलीकडे एक अत्यंत चिंचोळी वाट असते. अन्न तिथे अडते, इतर जिवाणूही अडतात. बर्कहोल्डेरिया मात्र आपल्या शेपटीच्या जोरावर त्या वाटेतून पार होतो. दारावर चाळण लावून घेतलेला हा भाडेकरू आहे.

योशितोमो किकुची, ताकेमा फुकात्सू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात जे प्रसिद्ध केले, त्याने या सहजीवनाची दुसरी बाजू उघड केली. फेनिट्रोथिऑन हे ऑर्गेनोफॉस्फेट गटातले जुने कीटकनाशक. हे औषध खाऊन जगू शकणारे बर्कहोल्डेरिया मातीत मुळात अगदी तुरळक असतात. संशोधकांनी शेतातल्या मातीवर हे औषध पुन्हा पुन्हा टाकले. सुरुवातीला जे जिवाणू मोजणीत सापडतही नव्हते, ते प्रयोगशाळेत वाढवता येणाऱ्या एकूण जिवाणूंच्या ८० टक्क्यांहून अधिक झाले. त्या मातीवर ढेकणाची पिल्ले वाढवली, तेव्हा ९० टक्क्यांहून अधिक ढेकणांच्या पोटात नेमके हेच औषधखाऊ जिवाणू घर करून बसले. अशा ढेकणांवर फेनिट्रोथिऑनचा मारा बोथट झाला. जिवाणू त्या रेणूचे तुकडे करतात, तुकडा किडीला तितकासा विषारी राहत नाही आणि उरलेला कार्बन जिवाणूंच्या ताटात पडतो. किडीच्या मज्जातंतूंवर घाव घालायला निघालेले औषध वाटेतच कुणाचे तरी जेवण होते.

प्रयोगशाळेतली गंमत म्हणून हे बाजूला ठेवता आले असते. पण त्याच शोधनिबंधात जपानच्या एका बेटाचीही नोंद आहे. तिथे उसाच्या शेतांवर फेनिट्रोथिऑन सतत फवारले जात होते. त्या उसावरच्या ढेकणांची तपासणी केली तेव्हा सुमारे ८ टक्के ढेकणांच्या पोटात औषध पचवणारे बर्कहोल्डेरिया सापडले. ८ टक्के हा आकडा छोटा वाटेल. तो छोटा नाही. पुढच्या फवारणीनंतर शेतात कोण उरणार, हे तोच आकडा सांगतो.

‘किडीला सवय झाली’ या नेहमीच्या स्पष्टीकरणापेक्षा यात वेगळे काय? बरेच काही. नेहमीची प्रतिकारशक्ती किडीच्या जनुकांत घडते. फवारणीत बहुतेक किडी मरतात, एखाददुसरी आपल्या जनुकातल्या बदलामुळे वाचते, तिची प्रजा वाढते आणि काही पिढ्यांत औषध निकामी होते. याला वेळ लागतो आणि मुख्य म्हणजे त्यासाठी कीड शेतात हजर असावी लागते. जिवाणूंच्या मार्गाला यातले काहीच लागत नाही. कीड शेतात नसतानाही, नुसत्या मातीवर पडलेल्या औषधाने जिवाणूंची पैदास होऊ शकते. मग ज्या पिल्लाने, ज्याच्या आई-बापाने ते औषध कधी पाहिलेही नाही, ते एका पिढीतच मातीतून संरक्षण उचलू शकते. हे संरक्षण एका जातीच्या किडीकडून दुसरीकडे पसरण्याची शक्यताही त्या संशोधकांनी मांडली आहे. जनुकातली प्रतिकारशक्ती वारशाने येते. ही बाजारात मिळते, आणि बाजार म्हणजे पायाखालची माती.

मातीतले जिवाणू औषध खातात ही गोष्ट काही २०१२ ची नवलाई नव्हती. १९७३ मध्ये एन. सेतुनाथन या भारतीय शास्त्रज्ञाने जपानी सहकारी योशिदा यांच्यासह फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत असाच एक जिवाणू वेगळा केला होता. भातखाचरात डायझिनॉन हे औषध टाकलेले होते आणि जिवाणू ते फोडत होता. विशेष म्हणजे तोच जिवाणू पॅराथिऑन हे भावकीतले दुसरे औषधही फोडत होता. पुढे अमेरिकेत मक्याच्या शेतात कार्बोफ्युरान वर्षानुवर्षे मातीत टाकल्यावर ते लवकर निष्प्रभ होऊ लागल्याचे दिसले. त्यामागेही मातीतले सूक्ष्मजीवच होते. म्हणजे दुव्याचे एक टोक चार दशके हातात होते. दुसरे टोक किडीच्या पोटात आहे हे तपासायला कुणी गेले नाही. माती हा मृदाशास्त्राचा विषय, कीड हा कीटकशास्त्राचा आणि जिवाणू हा सूक्ष्मजीवशास्त्राचा. कृषी विद्यापीठांतल्या या तीन विभागांच्या इमारती एकाच आवारात असतात, पण प्रश्न मात्र एका दारातून दुसऱ्या दारात जात नाही.

माणसाच्या औषधशास्त्राने हा धडा थोडा आधी घेतला. हृदयविकारावरचे डिगॉक्सिन काही रुग्णांत कमी का लागू पडते, याचे एक कारण आतड्यात मिळाले. एगर्थेला लेन्टा नावाचा जिवाणू त्या औषधाचे रूप बदलून ते निष्प्रभ करतो. पार्किन्सनवरच्या लेव्होडोपाचीही काही प्रमाणात तीच गत होते. डॉक्टर त्यासाठी रुग्णाला दोष देत नाहीत. शेतकऱ्याला मात्र ‘तुम्ही नीट फवारले नसेल’ हेच ऐकावे लागते.

वनस्पती स्वतःही विषे बनवतात आणि किडींचे जिवाणू त्या विषांशीही झुंजतात. याचे सर्वात ठसठशीत उदाहरण कॉफीच्या बागेतले आहे. कॉफीच्या बीत शिरून तिथेच वाढणारा एक इवलासा भुंगेरा जगभरच्या कॉफी उत्पादकांची डोकेदुखी आहे. भारतात तो १९९० मध्ये निलगिरीतल्या गुडलूर भागात प्रथम आढळला. कॉफीतले कॅफिन हे मुळात झाडाचे कीटकनाशक. इतर किडींना ते बाधते, हा पठ्ठ्या मात्र सारा जन्म कॉफीच्या दाण्यात काढतो. २०१५ मध्ये खाविएर सेहा-नवारो आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, कॅफिन फोडण्याचे काम त्याच्या आतड्यातले जिवाणू करतात, त्यातही स्यूडोमोनास फुल्वा हा ठळक. भुंगेऱ्यांना प्रतिजैविके खाऊ घातली तेव्हा कॅफिन जसेच्या तसे विष्ठेत उतरले. स्यूडोमोनास परत दिला, तेव्हा ते पुन्हा फुटू लागले.

कोकणात वाल-पावट्याच्या वेलावर दाटीने बसणारा, हिरवट, गोलसर, हात लावला की उग्र वास सोडणारा ढेकूण अनेकांनी पाहिला असेल. मेगाकोप्टा हे त्याचे कुळ. या कुळातली मादी अंडी घालताना त्यांच्याखाली जिवाणूंनी भरलेल्या तपकिरी पुड्या ठेवते. पिल्ले बाहेर आली की पहिले काम त्या पुड्या शोषण्याचे. जपानमध्ये या कुळातली एक जात सोयाबीनची कीड आहे, दुसरी नाही. २००७ मध्ये संशोधकांनी दोन्ही जातींच्या पुड्यांची अदलाबदल केली. निरुपद्रवी जातीची अंडी सोयाबीनवर चांगली उबू लागली आणि कीड म्हणून कुप्रसिद्ध असलेल्या जातीची अंडी फुकट जाऊ लागली. कीड कोणाला म्हणायचे, हे तिथे किड्याने नव्हे, पुडीने ठरवले.

अशी उदाहरणे वाचली की प्रत्येक किडीच्या मागे एखादा जिवाणू दिसू लागतो. इथे सावध राहायला हवे, कारण महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याचे मोठे शत्रू ढेकूण नव्हे, अळ्या आहेत. टोबायस हॅमर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये १२४ जातींच्या रानातल्या अळ्या तपासल्या. त्यांच्या आतड्यात जिवाणू नगण्य होते आणि जे होते ते बहुतेक पानांबरोबर आत गेलेले, वाटसरू. तंबाखूवरच्या एका अळीला प्रतिजैविके दिली तर तिच्या वाढीत काही फरक पडला नाही. अळीचे आतडे म्हणजे एक सरळ नळी. आत कमालीचा अल्कधर्मी रस, अन्न झपाट्याने पुढे सरकणारे, कप्पे-खोबण्या नाहीत. तिथे कोण बिऱ्हाड करणार?

गुलाबी बोंडअळीचेच पाहा. बीटी कपाशीला ती दाद देईनाशी झाली तेव्हा भारतातल्या अळ्यांमध्ये सापडले ते तिच्या स्वतःच्या जनुकातले बदल. बीटीचे विष ज्या प्रथिनाला चिकटते, त्याचीच घडण बिघडलेली होती. जिवाणूंचा तिथे काही संबंध जोडण्याची गरज नाही. बीटी आणि आतड्यातले जिवाणू यांच्या नात्याचा एक वादही गाजला. २००६ मध्ये निकोल ब्रॉडरिक व सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या जिप्सी पतंगाच्या अळ्यांवर दाखवले की, आतड्यातले जिवाणू मारून टाकले तर बीटीने अळी मरत नाही, आणि जिवाणू परत दिले तर मरते. २००९ मध्ये दुसऱ्या गटाने तंबाखूवरच्या अळीत याच्या उलट निष्कर्ष काढला. ब्रॉडरिक यांच्याच गटाला त्याच वर्षी वेगवेगळ्या जातींत वेगवेगळे चित्र दिसले. विज्ञानात असे होते आणि व्हायलाही हवे. पण ज्याला डबा विकायचा असतो, तो यातला सोयीचा निबंध तेवढा उचलतो.

भीती त्याचीच आहे. ‘किडीच्या पोटातले जिवाणू मारा, कीड आपोआप मरेल’ असे सांगणारी बाटली उद्या काउंटरवर आली, तर नवल वाटू नये. प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीत एखादा जिवाणू औषध खातो, एवढ्यावरून तो शेतातल्या किडीला वाचवतो हे सिद्ध होत नाही. त्यासाठी कॉफीच्या भुंगेऱ्यावर केला तसा जिवाणू काढून आणि परत घालून पाहण्याचा प्रयोग लागतो. आणि जिवाणू मारायचे म्हणजे प्रतिजैविके फवारायची. डाळिंबाच्या तेल्या रोगावर स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लीनचे मिश्रण महाराष्ट्रात वर्षानुवर्षे फवारले गेले. २०२१ च्या अखेरीस केंद्र सरकारने त्यावर बंदीचा मसुदा काढला, कारण हीच औषधे माणसांच्या उपचारात लागतात. २०१७ मध्ये टेक्सासमधल्या संशोधकांनी टेट्रासायक्लीन दिलेल्या मधमाश्यांच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू कमी झालेले पाहिले, आणि पोळ्यात परतल्यावर त्या जगण्याचे प्रमाणही घटले. किडीच्या पोटावर नेम धरताना बागेतल्या माशीचे पोट वाचेल, असे कोणते नोझल अजून निघालेले नाही.

मग जपानच्या त्या ढेकणाकडून घ्यायचे काय? पहिली गोष्ट मात्रेची. औषध लागू पडले नाही की मात्रा वाढवायची, हा सल्ला जिवाणूंच्या बाबतीत नेमका उलटा पडतो. जादा मात्रेतला मोठा हिस्सा पानावरून ओघळून मातीत जातो आणि मातीत त्याला गिऱ्हाईक आहे. दुसरी गोष्ट औषध बदलण्याची. क्लोरपायरिफॉस गेले आणि प्रोफेनोफॉस आले, यात नाव बदलते, गट तोच राहतो. सेतुनाथन यांचा जिवाणू डायझिनॉनवर वाढून पॅराथिऑनही फोडत होता, हे इथे आठवावे. बदलायचा तर गट बदलायला हवा, आणि शेतकऱ्याला तो कळायला हवा. आज डब्यावरच्या बारीक अक्षरात तो शोधण्याची वेळ येते, तेही डबा इंग्रजीत नसेल तर. वाळवीसाठी, हुमणीसाठी औषध थेट मातीत ओतण्याच्या सवयीकडेही या नजरेने पाहायला हवे. जे पानावर अधूनमधून पडते त्यापेक्षा जे मुळाशी दरवर्षी ओतले जाते, ते जिवाणूंना जास्त भरवते.

या सगळ्याची किंमत कोण मोजते, हे यवतमाळने २०१७ मध्ये दाखवले. त्या वर्षीच्या हंगामात एका जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यामागे अनेक कारणे होती : डोक्याच्या वर वाढलेली कपाशी, संरक्षक साधनांचा अभाव, जहाल औषधांची मनमानी मिश्रणे. त्या मृत्यूंचा दोष कुठल्या जिवाणूवर टाकणे हा निव्वळ पळपुटेपणा ठरेल. पण ‘लागू पडत नाही, म्हणून आणखी मारा’ ही साखळी तिथे होतीच. औषध का लागू पडत नाही, याचे खरे उत्तर जितके उशिरा मिळते, तितक्या वेळा पाठीवर पंप चढतो. तो बहुतेकदा रोजंदारीवरच्या मजुराच्या पाठीवर असतो.

म्हणून ‘औषध लागू पडले नाही’ या तक्रारीची नोंद व्हायला हवी आणि तिचा तपासही. आज तपास होतो तो डब्याचा : नमुना घ्यायचा, प्रयोगशाळेत पाठवायचा, औषध प्रमाणित निघाले की प्रकरण बंद. डबा चोख निघाला तर खरा प्रश्न तिथून सुरू होतो. कीड तपासा, तिची जनुके तपासा आणि शेतातली मातीही तपासा. केंद्राच्या मृदा आरोग्य पत्रिकेवर बारा रकाने असतात. त्यात नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, सामू, सेंद्रिय कर्ब असे सगळे असते. त्या मातीत कोण राहते आणि काय खाते, यासाठी मात्र रकाना नाही.

तेरावा रकाना घालायला फार मोठे यंत्र लागत नाही. जपानी संशोधकांनी वापरलेली पद्धत तालुक्याच्या महाविद्यालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेलाही जमेल अशी आहे. जिवाणू वाढवण्याच्या ताटलीत औषध मिसळायचे. ते पाण्यात नीट विरघळत नसल्याने ताटली दुधाळ दिसते. त्यावर शेतातल्या मातीचे पातळ केलेले पाणी पसरायचे आणि काही दिवस थांबायचे. जिथे औषध खाणारा जिवाणू वाढतो, तिथे त्याच्या ठिपक्याभोवती दुधाळपणा जाऊन स्वच्छ वलय उमटते. अशी वलये किती आहेत, ते मोजायचे. हे मोजणे पुढचा डबा विकत घेण्याआधी करायचे आहे.